मागच्या चाकातलं तेल

धाकटा गाडी ढकलत परत आला तेव्हा साडेदहा वाजले होते. डावी बाही कोपराशी फाटून लोंबत होती, कोपर सोललं होतं, केसांत वाळू होती. मागच्या कॅरियरवर रबरी पट्ट्यांनी बांधलेलं गिऱ्हाइकाचं शिलाई मशीन एका अंगाला कललं होतं आणि त्याचं हातचाक तुटलं होतं. माझा भाऊ अडतीस वर्षांचा आहे, वीस वर्षं हीच एक मोटरसायकल चालवतोय, आणि तो पडल्याचं मी आजवर ऐकलं नव्हतं.

"जरा घसरलो," तो म्हणाला.

बाहेर लख्ख ऊन होतं आणि रस्ता खडखडीत कोरडा होता. खोटं बोलणाऱ्यांचा मला राग येतोच, पण इतकं आळशी खोटं बोलणाऱ्यांचा जास्त येतो.

अप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, टेबलावरून मान वर केली. "लागलं का रे?"

"नाही अप्पा. खरचटलंय फक्त."

"लक्ष कुठे असतं तुझं?" असं म्हणून त्यांनी पुन्हा समोरच्या मशीनमध्ये डोकं घातलं.

मी बाहेर गेले, गाडी मोठ्या स्टँडवर चढवली, मागचं चाक हातानं जोरात फिरवलं आणि ब्रेकचं पेडल दाबलं. पेडल खाली गेलं. चाक फिरत राहिलं. मी सगळा जोर देऊन दाबलं, तरी ते आपल्या मर्जीनं सावकाश थांबलं. आणि आवाज म्हणाल तर अगदी काही नाही. कालपर्यंत हाच ब्रेक असा किंचाळायचा की धाकटा कोपऱ्यावर वळला की मी चहाचं आधण ठेवायचे. मी गुडघ्यावर बसून चाकाच्या मधल्या भागाला बोट लावलं, नाकाशी नेलं, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते तेल मी ओळखते. पातळ, पांढरं, मशीनचं तेल. माझ्या हातांना, कपड्यांना, उशीला त्याचाच वास येतो.

आमचं दुकान म्हणजे घराची पुढची खोली. शिलाई मशीन दुरुस्त करण्याचं. दोन टेबलं आहेत, खिडकीजवळचं अप्पांचं आणि भिंतीजवळचं माझं. धाकटा गिऱ्हाइकांच्या घरून मशीन आणतो आणि दुरुस्त झालं की पोचवतो. अप्पांनी पंचावन्न वर्षं हे काम केलंय आणि मला त्यांनीच शिकवलंय. त्यांच्या धंद्यात कुरकुर, खरखर, चिरचिर या सगळ्यांवर पहिलं औषध एकच, तेल. भोक दिसलं की थेंब. आवाज थांबेपर्यंत थेंब. मशीनला ते ठीक आहे, मशीनला धावायचं असतं. ब्रेकला थांबवायचं असतं.

हे सगळं सुरू झालं ते वरच्या मास्तरांमुळे. मास्तर निवृत्त आहेत आणि त्यांना दुसरं काम नाही. परवा जिन्यात उभं राहून ते अप्पांना म्हणाले, "दोन-दोन कारागीर घरात आणि गाडी अशी रडते? आमची सकाळची झोप मोडते हो." झालं. अप्पांच्या कारागिरीवर बोट ठेवलेलं त्यांना कधी सहन झालं नाही. काल दुपारी मी सुया आणायला बाजारात गेले आणि तेवढ्यात त्यांनी गाडीचा कार्यक्रम उरकला. संध्याकाळी मला म्हणाले, "बघितली मी गाडी. आवाज बसला. ऐकलंस का?" मी म्हटलं, हो, बसला. काय केलंत, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. पण त्यांनी काल दुरुस्त करून ठेवलेली दोन मशीनं मला अजून गुपचूप निस्तरायची होती, आणि माझं डोकं तिकडे होतं.

हे निस्तरणं म्हणजे काय ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. दोन वर्षांपासून अप्पांचं काम चुकतंय. सुई आणि खालचा आकडा यांचा मेळ केसभर हलतो आणि टाके सुटतात. स्क्रू आवळायचा राहतो. मशीन खडखडतं आणि ते "झालं" म्हणून बाजूला ठेवतात. पहिल्यांदा मी ते पाहिलं तेव्हा धाकट्याला सांगितलं. तो म्हणाला, "ताई, त्यांना बोललीस तर ते टेबलावरून उठतील, आणि उठले तर परत बसायचे नाहीत." मलाही ते पटलं. टेबलाशिवाय अप्पा काय करतील हे मला डोळ्यांसमोर आणता येत नव्हतं. मग आमचा शिरस्ताच पडला. ते दीड ते तीन झोपतात. तेवढ्यात मी त्यांची मशीनं माझ्या टेबलावर घेते, उघडते, नीट करते, पुसते आणि होती तशी त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवते. गिऱ्हाईक खूष, अप्पा खूष. "अजून हात चालतोय," म्हणतात. मी मूग गिळून बसते.

"आज तर मी बोलणारच," मी बाहेर धाकट्याला म्हटलं. "आज तू मेला असतास."

"हळू बोल."

"का म्हणून हळू? काय झालं ते आधी खरं सांग."

त्यानं सांगितलं. उतारावर तिठ्याशी पेडल दाबलं तर काहीच नाही. पुढचा ब्रेक नावालाच आहे, त्याची तार कधीची सैल आहे. समोरून ट्रक आडवा जात होता. तिथे एका घराचं बांधकाम चाललंय, त्यांचा वाळूचा ढीग रस्त्याच्या कडेला होता, त्यात त्यानं गाडी घातली. ढीग काल सकाळी तिथे नव्हता, असंही त्यानं सांगितलं. ते ऐकून मला आणखी राग आला.

"त्यांना सांगू नकोस, ताई. पाय उशिरा पडला म्हणून सांगू. मी नवे ब्रेक शू आणतो, तू दुपारी बसवून टाक. नेहमीसारखं."

मला त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटली. सोललेल्या कोपरानं तो मला सांगत होता की ज्यांच्यामुळे मी पडलो त्यांचं मन जप. आणि सगळ्यात संताप याचा आला की मी "बरं" म्हटलं.

पावणेदोनला अप्पांच्या खोलीतून घोरणं ऐकू आलं. मी हत्यारांचा डबा घेऊन मागच्या अंगणात गाडीशी बसले. धाकटा नवे शू घेऊन आला होता. ब्रेकच्या दांडीचा नट काढला, चाकाचा मोठा नट काढला, पण मधला आस गंजून बसला होता, काही केल्या हलेना. मी लाकडाचा तुकडा लावून हातोडी मारायला लागले. एक घाव मास्तरांच्या नावानं मारला, एक धाकट्याच्या, आणि बाकीचे कुणाच्या ते मी सांगत नाही. सातव्या-आठव्या घावाला आस सरकला. चाक निघालं. मी ब्रेकची झाकणी उचलली आणि तिच्यातून तेलाची धार माझ्या पावलावर पडली.

"हातोडी कोण आपटतंय?"

अप्पा दारात उभे होते. बनियन, कपाळावर चढवलेला चष्मा, चेहऱ्यावर झोपेच्या वळ्या.

"कारागिराच्या घरात हातोडी? तुला मी हेच शिकवलं? आणि गाडी का उघडलीत? काल तर मी नीट केली."

"अप्पा, काही नाही," धाकटा घाईघाईनं म्हणाला. "माझा पाय उशिरा पडला सकाळी. म्हटलं एकदा बघून घ्यावं."

"पाय उशिरा पडला?" अप्पांना जोर चढला. "चाळिशीला आलास आणि अजून पाय कधी टाकायचा ते कळत नाही तुला? लोकांचं मशीन घेऊन जातोस मागे. ते हातचाक कुणी तोडलं? उद्या कुणाच्या अंगावर घालशील आणि मग म्हणशील, उशीर झाला."

धाकटा मान खाली घालून ऐकत होता. त्याच्या कोपरातून अजून लस येत होती. मी उठले. झाकणीवरचे दोन्ही शू स्प्रिंगांसकट उपसून काढले आणि त्यातला एक अप्पांच्या हातात ठेवला.

"वास घ्या."

"काय आहे?"

"वास घ्या म्हणतेय मी."

त्यांनी घेतला. मग चष्मा खाली ओढून पाहिलं. शूचा खरखरीत पट्टा तेल पिऊन काळा, गुळगुळीत झाला होता.

"हे आपलं तेल आहे," ते म्हणाले.

"आपलं नाही. तुमचं. पाय वेळेवरच पडला होता त्याचा. ब्रेकच लागला नाही. समोर ट्रक होता, अप्पा. वाळू नसती तर आत्ता आपण दवाखान्याच्या नाहीतर आणखी कुठल्या दारात उभे असतो."

"ब्रेकच्या आत तेल जाऊ द्यायचं नसतं एवढं मला कळतं," अप्पा म्हणाले. आवाज अजून चढाच होता. "मी बाहेरच्या दांडीला दिलं. ती सुकली होती. दोन थेंब."

"दोन?" मी झाकणी आडवी केली. आणखी तेल जमिनीवर पडलं, मातीत पसरलं. "हे दोन थेंब आहेत?"

ते बघत राहिले. तेव्हा आमच्या धाकट्याला, ज्याला उभ्या जन्मात कधी गप्प राहायची वेळ कळली नाही, वाटलं की आता आपण सावरून घ्यावं.

"जाऊ द्या ना अप्पा. होतं असं. तुम्ही पडा जरा. ताई करते सगळं नीट, नेहमीसारखं."

"नेहमीसारखं म्हणजे?"

धाकट्यानं जीभ चावली. मग माझ्याकडे बघून डोळ्यांनी खुणावलं, नको, नको. मी तेव्हाही काहीतरी थाप मारू शकले असते. गाडीबद्दल बोलतोय तो, असं म्हटलं असतं तर अप्पांनी ते मानलं असतं, कारण त्यांना मानायचंच होतं. पण दोन वर्षं आम्ही दोघांनी मिळून जे दडवत आणलं होतं, त्यानं आज सकाळी माझ्या भावाला उतारावर नेऊन सोडलं होतं. मी कालच बोलले असते, मागच्या वर्षी बोलले असते, तर अप्पांनी एवढ्या खात्रीनं तेलाची कुपी उचललीच नसती. चूक त्यांची होती, पण खात्री त्यांना मी पुरवली होती.

"तुम्ही झोपता तेव्हा मी तुमची मशीनं परत उघडते," मी म्हटलं. "चुकलेलं असतं ते नीट करते. आणि होती तशी ठेवते."

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली."

"सगळी?"

"सगळी नाही."

"किती?"

"बरीचशी, अप्पा."

ते पायरीवर बसले. धाकटा पाणी आणायला निघाला तसे म्हणाले, "तू कुठे जाऊ नकोस. तुलाही माहीत होतं ना? उभा राहा इथेच."

मग त्यांनी आमचा जो पाणउतारा केला तसा तो आम्ही शाळेत असतानाही केला नव्हता. आवाज चढवला नाही. तुम्ही मला शेंबडं पोर समजलात, म्हणाले. खेळायला डबे मांडून दिलेत आणि म्हणालात, छान, छान. माझ्या हाताखाली नऊ जण शिकले, कुणाची चूक मी पोटात ठेवली नाही, तोंडावर सांगितली, म्हणून ते आज पोट भरतायत. "आणि तू," ते मला म्हणाले, "तू माझ्याहून बरी कारागीर आहेस. हे मला सांगायची तुला लाज वाटली?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"मग वाटू द्यायचं होतं. आज हा मेला असता तर मला काय वाटलं असतं?"

मी भडकले. "तुम्ही ऐकून घेतलं असतंत का? कधी कुणाचं ऐकलंय तुम्ही? मास्तर एक वाक्य बोलले तर तुम्ही न विचारता गाडीत तेल ओतलंत. मी तुम्हाला चुकलात म्हटलं असतं, तर तुम्ही महिनाभर जेवला नसता."

"आठ दिवस," अप्पा म्हणाले. "फार तर. मग बसलो असतो जेवायला."

त्यांनी हात पुढे केला. "नवे शू दे इकडे. चिंधी दे. पेट्रोल आहे का?"

मी दिलं. त्यांनी झाकणी पुसली, चाकाचा आतला भाग पेट्रोलनं धुतला, पॉलिश पेपरनं घासला, पुन्हा धुतला. ते त्यांनी चोख केलं. बोटानं चाचपून तेल उरलं नाही ना ते तीनदा पाहिलं. मग शू बसवायला घेतले. दोन्ही शू दोन स्प्रिंगांनी एकमेकांना जोडायचे, उघड्या पुस्तकासारखे दुमडून झाकणीवर टेकवायचे आणि दाबायचे. जोर लागतो आणि अंदाज लागतो. मी सवयीनं हात पुढे केला.

"हात लावायचा नाही," ते म्हणाले. "चुकलो तर सांगायचं."

पहिल्यांदा त्यांनी स्प्रिंग उलटी अडकवली. मी धाकट्याकडे पाहिलं. तो भिंतीकडे बघत होता. "स्प्रिंग उलटी आहे," मी म्हटलं. त्यांनी ती काढली. दुसऱ्यांदा शू दाबताना खालचं टोक निसटलं आणि स्प्रिंगनं त्यांचं बोट धरलं. कातडी निघाली. त्यांनी बोट बनियनला पुसलं आणि पुन्हा शू दुमडले. या वेळी दोन्ही बाजू बसल्यासारख्या वाटल्या, पण वरचा शू खाचेच्या बाहेर होता, जेमतेम एका नखाएवढा. चाक लावलं असतं तर कुणालाही दिसला नसता. ते माझ्याकडे बघत थांबले.

"चुकलं," मी म्हटलं. शब्द धड बाहेर पडला नाही.

"नुसते ओठ हलले. मोठ्यानं म्हण."

"म्हटलं ना मी."

"मला ऐकू आलं नाही." ते थांबले. मग झाकणीकडे बघत बोलले. "मला बारीक आवाज येत नाहीत. माणसं बोलतात ते कळतं. पण सुईची टिकटिक नाही, टाका सुटतो त्याचा आवाज नाही. तुझी आई होती तोवर टेबलाशी बसून मला सांगायची. आता वाजतंय, आता थांबलं, असं. तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं."

आई जाऊन अडीच वर्षं झाली. ती रोज त्या टेबलाशी भाजी निवडत बसायची. तिला सोबत हवी असते, असं आम्ही दोघं समजत होतो.

"आणि हा ब्रेक?" मी विचारलं.

"किंचाळतो, असं मास्तर म्हणाले. मला तो कधी ऐकूच आला नाही." अप्पांनी शू झाकणीवरून पुन्हा उपसले आणि स्प्रिंगा सोडवल्या. "दोन थेंब नव्हते ते. आवाज थांबला की नाही ते कळेना, म्हणून घालत राहिलो."

माझा राग कुठे जावा ते मला समजेना. त्यांच्यावर होता, आईवर होता, जी आता भांडायलाही नव्हती, आणि माझ्यावर होता. दोन वर्षं मी त्यांची मशीनं उघडून आत बघत होते. त्यांनी शू दुमडले, टेकवले, दाबले. वरचा पुन्हा खाचेबाहेर राहिला. त्यांनी मान वर केली आणि माझ्या तोंडाकडे बघत वाट पाहिली.

"चुकलं, अप्पा," मी ओरडले, इतक्या जोरात की वर मास्तरांची खिडकी उघडली.

अप्पांनी मान हलवली आणि शू पुन्हा काढले.